हौदाच्या आतलं माप

"टेप सरळ धर गं, मधे झोळ पडलाय," मंजुषा म्हणाली, आणि सुकन्याने मुद्दाम आणखी थोडा झोळ पडू दिला.

बाभुळटेकच्या चौकातला पाण्याचा हौद मोजायचं काम चाललं होतं. टेपचं एक टोक सुकन्याकडे होतं, दुसरं मंजुषाकडे. भागवत ओट्यावर उकिडवा बसून वहीत आकडे टिपत होता. टेप त्यानेच आणला होता, गवंडीकाम करणाऱ्या चुलत्याच्या पिशवीतून, न विचारता. आणि ज्योत्स्ना मंजुषाच्या खांद्यावरून वाकून टेपवरचा आकडा वाचत होती. गेली पाच वर्षं ज्योत्स्ना सुकन्याच्या शेजारी एकाच बाकावर बसत आली होती. आज मात्र ती मंजुषाला चिकटून उभी होती, आणि सुकन्याचं लक्ष हौदापेक्षा तिकडेच होतं.

मंजुषा ही सुकन्याची मावसबहीण. मावशी अंबाजोगाईला नर्स होती. मे महिन्याच्या सुट्टीत दहा दिवस राहायला म्हणून मंजुषा चौसाळ्याला एसटीतून उतरली, तिथून जीपने गावात आली, आणि त्या दिवसापासून सुकन्याला घरात गोड लागेना. सुकन्या पहिलीपासून सातवीपर्यंत गणितात वर्गात पहिली. गावात कुणाला काही हिशेब मांडायचा तर "गिरणीवाल्या रामेश्वरच्या पोरीला विचारा" असं म्हणत. पण मंजुषाचं नाव शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत आलं होतं. आई, म्हणजे सुनिता, दिवसातून चार वेळा ती यादी काढायची. तव्यावरची पहिली भाकरी मंजूच्या ताटात पडायची. "बघ, कशी शांत बोलते. जरा शिक तिच्याकडून," हे वर. मंजुषा खरंच शांत बोलायची, आणि त्याचाच सुकन्याला सगळ्यात जास्त राग यायचा.

हौद मोजायची कल्पनाही मंजुषाचीच. झालं असं, की आदल्या दिवशी ज्योत्स्नाची आजी दगडाबाई रिकामा हंडा डोक्यावर घेऊन हौदावरून परत निघाली होती. ज्योत्स्नाचं घर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. तिथली चाळीस घरं ऊसतोडीला जाणारी. पाडव्यानंतर सगळी माणसं कारखान्यावरून परतली, की वस्ती भरून जायची. ओढा ओलांडून, किलोमीटरभर चालून त्या बाया हौदावर पोचेपर्यंत गावातल्यांचं भरून व्हायचं आणि नळाला नुसती हवा यायची. मग त्या दोन कोसांवरच्या विहिरीवर जायच्या.

मंजुषाने विचारलं होतं, की टँकर किती लिटरचा? टँकरवर मोठ्या अक्षरांत बारा हजार लिटर लिहिलं होतं. गावची माणसं किती? वस्तीसकट सहाशे, असं भागवतने सांगितलं. त्याची आजी विमलबाई सरपंच होती, त्यामुळे असली माहिती त्याला असायची. माणशी वीस लिटर, म्हणून रोज एक टँकर.

"मग वस्तीला न देताच एवढं पाणी संपतं कसं?" मंजुषा म्हणाली.

तिघेही तिच्याकडे बघत राहिले. हा हौद सुकन्या रोज बघत होती. हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. गणितात पहिली असून पडला नव्हता. 

मोजणी झाली. लांबी चार मीटर. रुंदी अडीच मीटर. उंची, वरचा स्लॅब सोडून, एक मीटर वीस सेंटिमीटर. मंजुषाने लगेच गुणाकार केला. चार गुणिले अडीच दहा, दहा गुणिले एक पूर्णांक दोन दशांश, बारा. बारा घनमीटर.

"म्हणजे काय?" ज्योत्स्नाने विचारलं. तिने मंजुषाला विचारलं.

मंजुषाने हाताने हवेत पेटी दाखवली. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा खोका घेतला, तर त्यात बरोबर हजार लिटर पाणी मावतं. असे बारा खोके या हौदात बसतात. म्हणजे बारा हजार लिटर. टँकर आणि हौद अगदी तंतोतंत.

"लई भारी," ज्योत्स्ना म्हणाली.

सुकन्या टेप गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता तिचा हात थांबला. होळीच्या आधी हौद धुवायचा होता, तेव्हा वरच्या झाकणाच्या तोंडातून तिलाच आत सोडलं होतं. ते तोंड एवढंसं, आणि गावात तिच्याइतकं सडपातळ कुणी नव्हतं. वाकून उभं राहून तिने खराट्याने भिंती घासल्या होत्या. आत तिने दोन्ही हात पसरले, तेव्हा इकडे वीतभर आणि तिकडे वीतभर जागा उरली होती, एवढीच. आणि आत्ता बाहेरून हीच बाजू अडीच मीटर भरली होती. हौद जुना, दगडी. भिंती जाडच जाड. मंजुषाने भिंतींसकट मोजलं होतं!

तोंडापर्यंत आलेले शब्द सुकन्याने गिळले. पडू दे तोंडघशी, तिला वाटलं. एकदा तरी हिचं उत्तर चुकू दे.

दुसऱ्या दिवशी चौघं लिंबाखाली बसून मोजत होती. सकाळी दहाला टँकर आला, ड्रायव्हर बंकटने पाइप झाकणात सोडला, हौद काठोकाठ भरून वरून ओघळ आला तसा त्याने कॉक बंद केला आणि कागदावर ग्रामसेवकाची सही घेऊन गेला. मग बायांची रांग लागली. मंजुषाने तेलाच्या लिटरच्या बाटलीने आधीच चार-पाच हंडे मोजून ठेवले होते. कुणाचा लहान, कुणाचा मोठा, पण सरासरी पंधरा लिटर पडत होती. एकेका नळासमोर एकेक जण बसला आणि दर हंड्याला वहीत एक रेघ ओढत गेला. दुपारी एकला चारही नळ कोरडे झाले. रेघा भरल्या तीनशे अठ्ठ्याण्णव.

"म्हणजे सहा हजाराला थोडं कमी," मंजुषा हळूच म्हणाली. "आत बारा हजार, बाहेर सहा हजार. अर्धं पाणी कुठंतरी जातंय."

भागवत उडालाच. चोरी, तो म्हणाला, ही तर सरळ सरळ चोरी. आजीला सांगितलं पाहिजे. सुकन्याने आपल्या वहीतल्या रेघा पुन्हा मोजल्यासारखं केलं. आत बारा हजार नव्हतंच, हे चौघांत एकटीला माहीत होतं.

ग्रामपंचायतीत सरपंच विमलबाई आणि ग्रामसेवक भाऊसाहेब दोघंही भेटले. मंजुषाने आकडे सांगितले. भाऊसाहेबांनी फाइल काढली, पानं उलटली आणि खूश झाले. हौदाचं माप त्यांनी स्वतः घेतलं होतं, आणि त्यांच्या कागदावरही चार, अडीच, एक पूर्णांक दोन, बारा हजार लिटर असंच होतं. त्यांनी मंजुषाची पाठ थोपटली. अंबाजोगाईची पोरं हुशारच, असं म्हणाले. सुकन्या दाराजवळ उभी होती. तिला वाटलं होतं आता मंजुषाचं हसं होईल, आणि इथे तिची पाठ थोपटली जात होती.

मग भाऊसाहेब फाइल मिटत म्हणाले, "सहा हजार लिटर हौदातून गायब होतंय, म्हणजे रात्रीचं कुणीतरी नेतंय. आणि ज्यांना दिवसा मिळत नाही, तेच रात्री नेणार. वस्तीवाले, दुसरं कोण?"

मंजुषाचा चेहरा उतरला. तिने सांगून पाहिलं, की आम्ही असं म्हटलेलं नाही, आम्ही फक्त आकडे सांगितले. पण मोठ्यांचं बोलणं पुढे गेलं होतं. विमलबाई जरा कचरल्या, मात्र त्यांनाही दुसरं काही सुचेना. ठरलं असं, की उद्यापासून गावातलं शेवटचं घर भरल्याशिवाय वस्तीवरच्या कुणी हौदाजवळ यायचं नाही.

त्या रात्री सगळे जेवायला बसले. आई म्हणाली, मंजूने आज पंचायतीत नाव काढलं. मंजूने अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली.

सकाळी दगडाबाई हौदावर आली, ती नेहमीसारखी. काल पंचायतीत ठरलेलं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिने हंडा रांगेत ठेवला. रांगेतल्या सुभद्राबाईने तो उचलून बाजूला ओट्याखाली ठेवला.

"वस्तीचं नंतर. रात्री नेता ते पुरत न्हाई का?"

दगडाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने पदर कपाळापर्यंत ओढला, हंडा उचलला आणि वळली. ऐंशीच्या घरातली ती बाई, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या वाटेने ओढ्याकडे चालू लागली. ज्योत्स्ना मागून धावत आली होती. तिने सगळं पाहिलं. ती सरळ लिंबाखाली बसलेल्या मंजुषासमोर जाऊन उभी राहिली.

"तू कावून मोजलंस?" ती म्हणाली. "आमी तुला सांगितलं हुतं का मोजायला?"

आणि आजीच्या मागे निघून गेली.

मंजुषा गिरणीच्या मागे जाऊन बसली. पट्टा फिरत होता, आत जोंधळे दळले जात होते, त्या आवाजात तिचं रडणं कुणाला ऐकू येत नव्हतं. सुकन्या कोपऱ्यावरून बघत राहिली. हेच तर तिला हवं होतं. मंजुषाचं चुकलं होतं, मंजुषा रडत होती, ज्योत्स्ना तिच्याशी भांडली होती. आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरंही वाटलं. पण मग तो हंडा डोळ्यांसमोर आला, सुभद्राबाईने उचलून बाजूला ठेवलेला, आणि ते बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं. दगडाबाईने मंजुषाचं काय केलं होतं? आणि सुकन्याचं तरी काय केलं होतं? पहिलीत असताना पावसात अडकलेल्या सुकन्याला तिनेच कडेवर घेऊन ओढा ओलांडून दिला होता.

ती मंजुषाजवळ गेली.

"तुझं माप चुकलंय. तू बाहेरून मोजलंस. हौद आतून लई लहान हाय. मी उतरले होते."

मंजुषाने डोळे पुसले.  तिच्या लक्षात येत गेलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"मोजलं त्याच दिवसापासून."

सुकन्याला वाटलं ही आता आईकडे जाईल. मंजुषा उठली, फ्रॉकची धूळ झटकली आणि म्हणाली, "टेप आण. उद्या टँकर यायच्या आधी तू आत उतर. आणि माझ्याशी बोलू नकोस. नुसते आकडे सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हौद रिकामा होता. सुकन्याने पाय घासून धुतले आणि झाकणाच्या तोंडातून आत उतरली. आत थंड होतं, शेवाळाचा वास होता, आणि वरच्या भोकातून उजेडाचा एकच चौकोन पडला होता. भागवतने टेप सोडला. तिने एक टोक दगडाने दाबलं आणि गुडघ्यावर रांगत दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली.

"लांबी तीन मीटर वीस."

"पुढे," वरून मंजुषाचा आवाज आला.

"रुंदी एक मीटर सत्तर. खोली एक मीटर दहा."

वरती पेन्सिल चालू झाली. खाली सुकन्याने ओल्या भिंतीवर बोटाने गुणाकार मांडला. वरच्यांच्या आधी उत्तर काढायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तीन पूर्णांक दोन गुणिले एक पूर्णांक सात, पाच पूर्णांक चव्वेचाळीस शतांश. त्याला एक पूर्णांक एकने गुणलं.

"पाच हजार नऊशे चौऱ्याऐंशी लिटर," दोघी एकदमच म्हणाल्या.

कुणीच हसलं नाही, पण भागवतने शिट्टी मारली. मग त्याला शंका आली. भिंत मोजली तर चाळीस सेंटिमीटर जाड, आणि तेवढ्याने अर्धा हौद खाल्ला म्हणता? हे कसं काय? तो म्हणाला, तुमच्या दोघींचं कुठंतरी चुकलंय.

सुकन्या भोकातून डोकं बाहेर काढून त्याला समजावू लागली. भिंत एक नाही, समोरासमोर दोन. म्हणजे लांबीतून ऐंशी सेंटिमीटर गेले. रुंदीतूनही ऐंशी गेले. तळ दहा सेंटिमीटरचा, तो खोलीतून गेला. तिन्हीकडून थोडं थोडं गेलं आणि मग तिन्हींचा गुणाकार झाला, म्हणून अर्धं उरलं. भागवत ओट्यावर खडूने चौकोनात चौकोन काढून बघत बसला आणि शेवटी त्याला पटलं.

"म्हणजे हौदातून एक थेंबही चोरीला गेलेला नाही," मंजुषा म्हणाली. "सहा हजार आत जातं, सहा हजार बाहेर येतं. पण टँकर तर बारा हजाराचा आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाकीचं पाणी हौदात पडतच नव्हतं. ते टँकरमध्येच राहत होतं. हौद भरून वाहिला, की टँकर रिकामा झाला असं सगळ्या गावाने धरलं होतं.

त्या दिवशी टँकर निघाला, तशी भागवतने सायकल काढली. मागच्या कॅरिअरला सुकन्या बसली. कच्च्या रस्त्यावर खड्डे इतके, की टँकरला पळता येत नव्हतं. दर खड्ड्याला वरच्या झाकणातून पाणी उसळून धुळीत पडत होतं, आणि त्या ओल्या ठिपक्यांवरून त्यांची सायकल चालली होती. हमरस्त्याला लागल्यावर टँकर परत भरायला चौसाळ्याकडे गेला नाही. उलट्या बाजूला वळला आणि एका अर्धवट बांधलेल्या मंगल कार्यालयाच्या आवारात शिरला. दोघं बाभळीआड थांबली. बंकटने पाइप सोडला. ताज्या भिंतींवर आणि खांबांवर पाण्याचा लोट पडू लागला. दोन माणसं आंघोळ करत होती. पाइप बराच वेळ चालू होता.

"आजीला सांगू," भागवत म्हणाला.

सुकन्याने मान हलवली. नुसतं सांगून उपयोग नव्हता. पोरांच्या आकड्यांचं मोठ्यांनी काय केलं, ते नुकतंच पाहिलं होतं. बंकट म्हणेल, ते दुसऱ्या खेपेचं पाणी. गावाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

बेत तिचाच होता. मंजुषाने त्यात दोन गोष्टी घातल्या, आणि त्या चांगल्या होत्या म्हणून सुकन्याला त्या मान्य कराव्या लागल्या. ज्योत्स्नाला सांगायला मात्र सुकन्याला एकटीला जायचं होतं. ओढा ओलांडून ती वस्तीवर गेली. ज्योत्स्ना अंगणात भांडी घासत होती, राखेने, पाणी वाचवत. सुकन्याने आतलं माप सांगितलं, टँकरचं सांगितलं, आणि उद्या सगळ्या वस्तीने हंडे, कळशा, पिंपं घेऊन यायचं, हेही सांगितलं. ज्योत्स्नाने ओल्या हातांनीच तिचा हात धरला.

"तू आत उतरून मोजलंस, आमच्यासाठी. तू हाईस म्हणून बरं हाय. ती अंबाजोगाईची पोरगी नुसती आकडे करती."

आठवडाभर सुकन्याला हेच ऐकायचं होतं. आता ते ऐकताना तिची नजर जमिनीवरून उठेना. सगळं बोलून टाकावं असं वाटलं. पण ती "उद्या ये," एवढंच म्हणून परतली.

दुसऱ्या दिवशी दहाला चौकात एरवीपेक्षा गर्दी होती. भागवतने आजीला आणि भाऊसाहेबांना, हौदाचं एक गंमतीचं गणित दाखवतो म्हणून बोलावून आणलं होतं. ओढ्याच्या बाजूने वस्तीवरच्या बाया-माणसं आली आणि हौदापासून लांब, रस्त्याच्या कडेला भांडी मांडून उभी राहिली. सुभद्राबाई कुरकुरली, पण वस्तीवरचं कुणी हौदाजवळ नव्हतं, त्यामुळे तिला काही म्हणता येईना.

हौद भरला. ओघळ आला. बंकटने कॉक बंद केला, पाइप गुंडाळला आणि सहीचा कागद पुढे केला. तेवढ्यात मंजुषा पुढे झाली आणि तिने आपल्या शांत आवाजात विचारलं, "काका, सगळं पाणी ओतलं ना? टँकर रिकामा झाला?"

"झाला की. बारा हजार लिटर, पूर्ण खेप," बंकट म्हणाला.

"मग मागचा मोठा कॉक उघडून बघू का?" सुकन्या म्हणाली. ती आधीच टँकरच्या मागे जाऊन उभी होती. "रिकामा असंल तर नुसती हवा येईल."

बंकटचा हात हवेतच राहिला. कॉकला हात लावायचा न्हाई, म्हणाला, घाई हाय, पुढच्या गावाला जायचंय.  विमलबाई आतापर्यंत बंकटकडे बघत होत्या, मग त्यांनी टायरांकडे पाहिलं, वजनाने धुळीत चांगली रुतलेली.

"उघड गं," त्या सुकन्याला म्हणाल्या.

सुकन्याने दोन्ही हातांनी दांडा ओढला. पाणी असं उसळलं, की ती दोन पावलं मागे फेकली गेली आणि डोक्यापासून पायापर्यंत भिजली. "हंडे आणा!" भागवत ओरडला. वस्तीची रांग धावली. एक हंडा भरला, की दुसरा पुढे, तो भरला, की पिंप. रांग संपत आली तरी पाणी संपेना. गावातली माणसं तोंडात बोट घालून बघत होती.

भाऊसाहेब म्हणत होते, असं कसं, हौद बारा हजाराचा आहे, मी स्वतः मोजलाय. तेव्हा मंजुषाने वही उघडली आणि बाहेरचं माप आणि आतलं माप त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी दोन्ही आकडे वाचले. पुन्हा वाचले. मग झाकणातून आत डोकावले, आणि हौदाचा दगडी काठ वितीने मोजला. त्यांचे कान लाल झाले. पाणी आत असतं आणि माप मात्र आपण बाहेरून घेतलं, हे त्यांनी शेवटी सगळ्यांसमोर कबूल केलं.

बंकटचं म्हणणं होतं, की त्याने काही चोरलेलं नाही. हौद भरल्यावर उरलेलं पाणी नेणार कुठं? मेहुण्याच्या कामावर ओततो, वाया तर जात नाही. विमलबाईंनी त्याला एकच विचारलं, की उरतंय हे एवढ्या दिवसांत एकदा तरी सांगावंसं का वाटलं नाही? त्याने सहीचा कागद घडी करून खिशात घातला. त्यांनी तिथेच सांगून टाकलं: उद्यापासून अर्धा टँकर हौदात आणि अर्धा ओढ्यापलीकडे. वस्तीवर टाकी बसेपर्यंत टँकर घरासमोर उभा राहील आणि शेवटचं भांडं भरल्याशिवाय सही मिळणार नाही. मग त्या दगडाबाईकडे गेल्या आणि गावाच्या वतीने त्यांनी तिची माफी मागितली. सुभद्राबाई मागे मागे सरकत होती, तिला त्यांनी हाताला धरून पुढे ओढलं.

मग कौतुक सुरू झालं. आधी अर्थातच मंजुषाचं. सुकन्याच्या छातीत ती जुनी ठिणगी पुन्हा उडाली. पण मंजुषा म्हणाली, "मी चुकले होते. आतलं माप सुकन्याने काढलं. बेतही तिचाच."

विमलबाईंनी सुकन्याला जवळ घेतलं, ओल्या कपड्यांसकट. "शाबास पोरी. आम्हा मोठ्यांना एवढ्या वर्षांत कळलं न्हाई, ते तुला कधी कळलं गं?"

काल कळलं, असं म्हणता आलं असतं. मंजुषा काही बोलली नसती, हे तिला माहीत होतं. पलीकडे ज्योत्स्ना आजीचा हंडा धरून उभी होती आणि अभिमानाने तिच्याकडे बघत होती.

"पहिल्याच दिवशी," सुकन्या म्हणाली. "मंजू बाहेरून मोजत होती तेव्हाच. मी सांगितलं न्हाई. सगळे तिलाच चांगलं म्हणत होते, म्हणून ती चुकावी असं मला वाटलं. मी तेव्हाच बोलले असते तर आजीचा हंडा कुणी बाजूला ठेवला नसता."

 आई गर्दीत होती. तिने हातातला हंडा खाली ठेवला. ज्योत्स्नाने नजर फिरवली. 

दगडाबाई पुढे आली. तिने सुकन्याच्या भिजलेल्या केसांवरून हात फिरवला.

"लई जड असतंय असं बोलणं," ती म्हणाली. "मोठ्या मान्सांनाबी जमत न्हाई. ह्या भाऊसाहेबांना इचारा."

लोक हसले. भाऊसाहेबही हसले, जरा उशिरा. ज्योत्स्ना मात्र हसली नाही. तिने भरलेल्या छोट्या पिंपाची एक कडी धरली आणि तशीच थांबली. पिंप एकटीला उचलणारं नव्हतं. सुकन्या गेली आणि तिने दुसरी कडी धरली. दोघी पिंप मधे धरून ओढ्याच्या वाटेला लागल्या. थोडं पुढे गेल्यावर मागून पावलं ऐकू आली. मंजुषा दोन कळशा घेऊन धावत येत होती, आणि निम्मं पाणी वाटेतच सांडत होतं.

"हिला कळशी धरता येत न्हाई," ज्योत्स्ना म्हणाली.

"शिकवू," सुकन्या म्हणाली, आणि तिच्यासाठी थांबली.